खेळण्यांची एकच टोपली

शास्त्रपाठ : मार्क ७:१-२३; योहान १३:१-१७



परूशी व शास्त्री यरुशलेमेहून प्रभू येशूकडे आले, तेव्हा त्यांनी आणलेली तक्रार न धुतलेल्या हातांची होती. मार्क आपल्याला समजावून सांगतो की, हे लोक बाजारातून आले म्हणजे शुद्ध झाल्यावाचून जेवत नसत. प्याले, घागरी व भांडी धुण्याचेही त्यांचे नियम होते. हा उतारा आपण पुष्कळदा ऐकला आहे, आणि बहुधा एवढाच बोध घेतला आहे की, बाहेरची स्वच्छता कमी महत्त्वाची व अंतःकरणाची अधिक. मीही तसेच शिकवीत आलो. परंतु गेल्या पावसाळ्यात प्रभूने मला हा अध्याय पुन्हा वाचायला लावला, आणि तोही खेळण्यांच्या टोपलीपुढे.

भोपाळच्या अयोध्या नगरात आमच्या दोन खोल्यांच्या घरी माझी पत्नी पाळणाघर चालवते. इकडे त्याला झूलाघर म्हणतात. आया कामावर जाताना सात मुले सोडून जातात. लाकडी गाडी, रबरी बदक, ठोकळे, कापडी अस्वल ही सारी दिवसभर सात तोंडांतून फिरतात. श्रावणात एकामागून एक तीन मुलांना जुलाब लागले. त्यांतल्या एकाची आई वसाहतीत झाडूकाम करते. दुसऱ्या एका मुलाच्या आईने पत्नीला बाजूला घेऊन सांगितले, "त्या मुलाची खेळणी वेगळी ठेवा, नाहीतर मी माझ्या मुलाला पाठवणार नाही."

त्या संध्याकाळी मी काय म्हणालो, हे लिहिताना लाज वाटते. मी म्हणालो, "ठेव ना वेगळी टोपली. त्या लहानग्याला काय कळणार? भांडण टळेल आणि फीही बुडणार नाही." पत्नी म्हणाली, "अहो, सगळ्यांत आधी आजारी पडलं ते तक्रार करणाऱ्या बाईंचंच मूल. मग टोपली कुणाची वेगळी ठेवायची?" मला उत्तर देता आले नाही. तिने सगळी खेळणी टबात ओतली आणि ती धुवायला बसली.

बंधुभगिनींनो, जगात धुणे दोन प्रकारचे आहे. एक माणसांना दूर ठेवण्यासाठी असते, दुसरे त्यांना एकत्र बसता यावे म्हणून असते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले. त्यानंतर सवर्णांनी विधी करून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. ते पाणी आधी निर्मळ होते व नंतर घाण झाले, असे नव्हे. माणूस तेवढा त्यांना नकोसा होता. प्रभूने ज्या धुण्याचा धिक्कार केला ते हे धुणे. पण त्याच प्रभूने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले. सर्वांनी एका मेजाशी बसावे म्हणून ते धुणे होते. यहूदाचे पाय धुण्यासाठी त्याने वेगळे गंगाळ घेतले नाही.

मग रोगाची भीती खोटी म्हणावी काय? मुळीच नाही. जुलाब लागलेल्या मुलाने बरे होईपर्यंत घरी राहावे, हे योग्यच आहे. लेवीयाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांत रोग्याला छावणीबाहेर ठेवण्याचा नियम आहे, तसाच बरा झाल्यावर त्याला परत आत घेण्याचाही आहे. रोगाला वेगळे ठेवण्याची मुदत संपते. माणसाला वेगळे ठेवले की ती कधीच संपत नाही.

आणि रोग कोणाच्या हातून येतो, हे आपल्या समजुतीवर अवलंबून नसते. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी पाहिले की, सुईणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक बाळंतिणी मरत होत्या. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीगृहात येत असत. त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक नामांकित वैद्यांनी हे मानले नाही. माझेच हात मरण वाहून नेत होते, हे कबूल करणे कोणाला सोपे जाते? पश्चात्ताप येथूनच सुरू होतो.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मुलाने तोंडात घातलेले खेळणे परत टोपलीत न टाकता वेगळ्या भांड्यात टाकावे. प्लास्टिकची व रबराची खेळणी आधी साबणाच्या पाण्याने घासावीत, कारण मळ राहिला तर औषधाचा जोर त्यातच खर्ची पडतो. नंतर एक लिटर थंड पाण्यात सुमारे पाच टक्क्यांचे साधे ब्लीच चहाचा एक चमचा घालून त्यात ती दोन मिनिटे बुडवावीत. जुलाब-उलटीची साथ असेल तर चार चमचे घालावे. मग स्वच्छ पाण्याने खळबळून वाऱ्यावर वाळवावीत. हे पाणी रोज ताजे करावे आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. लाकडी खेळणी भिजत ठेवू नयेत, पुसून वाळवावीत. कापडी असतील ती धुऊन उन्हात घालावीत. लेवीय १५:१२ मध्येही मातीच्या भांड्याला एक नियम आहे व लाकडी भांड्याला दुसरा, हे ध्यानात घ्यावे. आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र ज्या शहराने सोसली, त्याला विषारी हवा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तो वायू निराळा होता, पण लहान मुलांची छाती तीच.

आमच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. पत्नीने त्या बाईंना नम्रपणे सांगितले, "मी रोज संध्याकाळी सगळी खेळणी धुते, तुम्ही येऊन पाहा. पण टोपली एकच राहील." पुढच्या महिन्यापासून ते मूल आले नाही. त्या फीची उणीव आम्हांला भासली, अजूनही भासते. आम्ही त्या घरासाठी रोज प्रार्थना करतो. आता संध्याकाळी टबाशी मीही बसतो. पूर्वी मी त्या वेळी उपदेशाची तयारी करीत असे.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतील लहान मुलांच्या खेळण्यांची पेटी शेवटची कधी धुतली गेली? ती कोणी धुतली? बहुतेक एखाद्या भगिनीने एकटीने, कोणी पाहत नसताना. या महिन्यात पंचांपैकी दोघांनी ते काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि धुताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, आपल्या घरात अजून एखादा पेला, एखादी खुर्ची, एखादी टोपली कोणासाठी वेगळी ठेवलेली आहे काय? असेल, तर ती धुवून काही उपयोग नाही. ती आधी सर्वांमध्ये आणून ठेवावी, आणि मग सर्वच धुवावे.

ज्याने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रभू आपले हात व आपली अंतःकरणे एकाच पाण्याने धुवो. आमेन.