विधवांनी पेत्राला काय दाखवलं?

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



'साक्ष द्या' असं चर्चमध्ये ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. चारचौघांत बोलणं मला जमत नाही. म्हणून यापोची टबीथा मला जवळची वाटते. ती वारली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिनं शिवलेले कपडे दाखवले. लूक तिला 'शिष्या' म्हणतो (मूळ ग्रीक नव्या करारात हा स्त्रीलिंगी शब्द फक्त इथेच आहे!), पण तिच्या तोंडचं एकही वाक्य त्यानं लिहून ठेवलेलं नाही.

आपल्या स्टेटसला रोज वचन असतं. चांगलंच आहे. पण माझ्याबद्दल दाखवण्यासारखं सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे काय आहे? ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलीकडे?

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना वॉन्टेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलॅमचं आपलं काम दाखवलं. समाजानं 'पतित' ठरवून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळत. असं काही रमाबाईंनी पूर्वी पाहिलं नव्हतं. ख्रिस्ती लोक हे का करतात, असं त्यांनीच विचारलं, आणि मग एका सिस्टरनं त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. १८८३ साली रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं.

आधी काम, मग प्रश्न, मग वचन. सिस्टर 'असंच, आवड म्हणून' म्हणाली असती तर? मला वाटतं, आपण बहुतेक जण तिथेच गडबडतो. कुणी विचारलं की 'अरे, काही नाही' म्हणून विषय टाळतो. तिथे मात्र सौम्यपणे, दोन वाक्यांत का होईना, येशूचं नाव घ्यावं. पेत्रही त्याच्या पहिल्या पत्रात (३:१५) हेच सांगतो.

आणि कुणी विचारलंच नाही तर? तर अंगरखा फुकट गेला का? विधवेला अंगावर घालायला मिळालं ना! आजारी सहकाऱ्याची शिफ्ट घेताना 'आता हा चर्चला येईल' असा हिशेब मनात असेल, तर त्याला तो कळतोच. लोक इतके भोळे नसतात.

प्रार्थना : प्रभू येशू, आज माझ्यासमोर जो येईल त्याची गरज मला दिसू दे. त्यानं 'का?' असं विचारलं, तर तुझं नाव घ्यायला मला धीर दे. आमेन.