प्रश्नोत्तरे पाठ नसली तर?

लहानपणी शब्बाथ शाळेत वचनांची बक्षिसे मिळविणारा एखादा मुलगा विशीच्या सुमारास, दृढीकरणाच्या वर्गात, मागे पडू लागतो. उपदेशाचा धागा सुटतो, कालचे वचन आज आठवत नाही, साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास फार वेळ लागतो. काही महिन्यांनी त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात, तेव्हा कुठे घरचे लोक डॉक्टरांकडे धावतात. तोवर आम्ही त्याला आळशी ठरविलेले असते. 'विश्वासात थंड पडला' असेही कोणी म्हणून गेलेले असते.

या विकाराला जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनी १८९० नंतरच्या दशकात 'अकाली बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचे नाव दिले होते. बुद्धी ढासळतच जाते असे सर्वांच्या बाबतीत होत नाही, म्हणून १९०८ साली स्विस वैद्य ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हे नाव सुचविले. तथापि लक्ष, नवे पाठ करण्याची शक्ती आणि विचारांचा वेग ही पहिल्याच आजारात, पुष्कळदा आवाजांच्याही आधी, उणावलेली आढळतात. जुने गीत तो सबंध म्हणेल, नवे दोन ओळींचे वचन मात्र टिकणार नाही. गोळ्यांनी आवाज थांबतात, ही मंदता बहुधा मागे राहते. काहींना ती फारशी जाणवतही नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग प्रश्नोत्तरे न येणाऱ्या अशा तरुणाला प्रभुभोजनास घ्यावे काय? प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी असे पौल करिंथकरांस लिहितो, त्यावर वडील मंडळी बोट ठेवतात. त्यांचा आग्रह पोकळ नाही. पण तो अध्याय वरपासून वाचावा. तेथे आधी आलेले खाऊन घेत आणि ज्यांच्याजवळ काही नसे ते उपाशी राहत, लज्जित होत. पौलाचा राग त्यावर आहे. ज्याच्याजवळ आज स्मरण नाही त्याला मेजावरून उठविणे, हे आम्हास त्याच करिंथकरांचे वागणे वाटते.

शिक्षकांनी एका वेळी एकच प्रश्न विचारावा व थांबावे. पुस्तक त्याच्या हाती राहू द्यावे. औषध सोडून केवळ प्रार्थनेवर राहा, असा सल्ला पाळकांनीही देऊ नये. बेळगावकडच्यांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, ग्वाल्हेरकरांना तेथील मानसिक आरोग्यशाळा. पहिल्या खेपेस मंडळीतील कोणी आईबरोबर जावे. बाहेरच्या बाकावर तिला बराच वेळ बसावे लागते.