अंगातला वैशाख

हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाळी जाण्याच्या वयातल्या बाईच्या अंगातून त्यातच गरम वाफा निघतात. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, तर नजर धूसर होऊ शकते, पाय लटपटू शकतात.

या आजारात मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी संदेश अडखळू शकतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हा परिणाम नोंदवला. अंग निवले की त्रास बहुधा ओसरतो.

म्हणून सुती कपडे, मानेवर ओला पंचा, माठातले पाणी आणि ऊन चढण्याआधी उरकलेली कामे.

त्रास दिवसभराहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा: वाफाही, आजारही.