जागल्याचे मीठ

मराठीत ‘जागणे’ या एका क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ साधा, झोप न घेणे. आजाऱ्याच्या उशाशी आई जागते, परीक्षेच्या आदल्या रात्री मूल जागते, एकादशीला भजनी मंडळ जागते. दुसरा अर्थ याहून खोल आहे. माणूस शब्दाला जागतो, उपकाराला जागतो, खाल्ल्या मिठाला जागतो. येथे डोळे उघडे असण्याचा काही संबंध नाही. शब्दाला जागणारा माणूस रात्री खुशाल घोरत असेल. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदू लागले ते व्याकरणकारांनी सांगावे. मला एवढेच वाटते की, ज्यांनी ही भाषा बोलून बोलून घडवली, त्यांना रात्री जागणारा आणि इमानाला जागणारा हे दोन वेगळे इसम दिसत नसावेत. गावाच्या पहारेकऱ्याला त्यांनी नाव दिले तेही ‘जागल्या’ असेच.

आज आपला जागल्या कंपनीकडून येतो. गृहनिर्माण संस्था, बँक, इस्पितळ, शाळा, मंगल कार्यालय, कोठेही जा. फाटकाशी निळ्या किंवा खाकीसारख्या गणवेशातला एक माणूस असतो आणि त्याच्या खांद्यावर कुठल्यातरी कंपनीचे नाव शिवलेले असते. या कंपन्या फाटक राखतात, बँकांची रोकड गाड्यांतून पोचवतात, एटीएमजवळ माणूस बसवतात, सभासमारंभांतली गर्दी आवरतात, सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर रात्रभर डोळे लावून बसणारी माणसे पुरवतात. महिन्याचे बिल येते, आपण ते भागवतो. या बिलात आपण नेमके काय विकत घेतो, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. पहिले जागणे विकत मिळते हे उघड आहे; ते तासांवर मोजता येते. दुसरे जागणे मिळते काय?

जुनी व्यवस्था कशी होती ते आधी पाहू. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याचे वर्णन आहे. गावातला प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा असे. चोरी झाली की पावलांचा माग काढीत तो निघे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जाई. तसे जमले नाही, तर चोरीची भरपाई त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करायची आणि उरलेली रक्कम साऱ्या गावाने भरायची. ही भरपाई अन्यायाची आहे असा शेराही एल्फिन्स्टनने मारला आहे, आणि तो खराच आहे. पण त्या अन्यायातही एक जाणीव होती. रखवाली चुकली तर दोष एकट्या जागल्याचा नसे, गावालाही तो वाटून घ्यावा लागे.

मात्र ही गोष्ट सांगताना जुन्या काळाच्या आठवणीने गहिवरण्याचे कारण नाही. त्या जागल्याचे मीठ कसले होते? वेस राखणाऱ्या वेसकराला भाकरी मिळे ती अंगणातून, वरून टाकलेली. ज्या गावाचे रक्षण तो करी, त्या गावाच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नसे. या वतनाच्या नावाखाली बापाची वेठ मुलाच्या गळ्यात पडे. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले; आणि ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. रामोश्यांची कथा निराळी, पण तिचाही शेवट गोड नाही. पुरंदरसारख्या गडांचा पहारा ज्यांच्याकडे होता, त्यांचे हक्क गेले. त्यांच्यातूनच उमाजी नाईक उभे राहिले आणि १८३२ साली पुण्यात फासावर गेले. राखणदाराचे मीठ तोडले की तो कुणाचे देणे लागत नाही, हे राज्यकर्त्यांना त्या वेळी कळायला हवे होते.

तेव्हा कंपनीच्या पहारेकऱ्याची नोकरी ही त्या मानाने पुढची पायरी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याला भाकरी मिळत नाही, पगार मिळतो. त्याची जात फाटकावर लिहिलेली नसते. तो नोकरी सोडू शकतो. आमच्या लहानपणी आळीत रात्री काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरणारा गुरखा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार जाऊन आपले दोन-पाच रुपये मागून घेई. कुणी देई, कुणी ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणे. तेवढी लाचारी तरी या नव्या माणसाच्या वाट्याला येऊ नये. कायदाही त्याच्याकडे पाहू लागला आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने अशा कंपनीला परवाना सक्तीचा केला, पहारेकऱ्याच्या चारित्र्याची पडताळणी आणि त्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. २००६ च्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर असे शिक्षण सांगितले आहे. आग कशी विझवावी, गर्दी कशी आवरावी, जखमीला प्रथमोपचार कसे करावेत, ओळखपत्र कसे तपासावे, हे सारे त्यात आहे. कागदावर तरी व्यवस्था नेटकी आहे.

अडचण येते ती मिठाची. या पहारेकऱ्याने कोणाच्या मिठाला जागायचे? पैसे देतात इमारतीतले रहिवासी. ते जातात कंपनीकडे. कंपनी त्यांतून आपला वाटा काढून उरलेला त्याच्या हाती ठेवते. रहिवाशांना त्याचे नाव ठाऊक नसते, कंपनीला त्याचा चेहरा ठाऊक नसतो. दोन-तीन महिन्यांत त्याची दुसऱ्या फाटकावर बदली होते. पुष्कळदा ही बदली मुद्दाम केलेली असते. माणूस एके जागी फार दिवस राहिला की ओळखी वाढतात, आणि ओळखी वाढल्या की गैरप्रकार होतात, असे त्यामागचे शास्त्र आहे.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’मध्ये नगराच्या रक्षकाची तुलना चांगल्या जातीच्या कुत्र्याशी केली आहे. ओळखीच्याशी तो मऊ असतो, परक्यावर धावून जातो. म्हणजे आपला कोण आणि परका कोण, याचे ज्ञान हाच त्याच्या शौर्याचा पाया. प्लेटोचा रक्षक ओळखीवर उभा आहे आणि आपल्या पहारेकऱ्याला ओळख होऊच द्यायची नाही असा आपला कटाक्ष आहे. मग ओळखीची जागा वही घेते. नाव, वेळ, कोणाकडे जायचे, मोबाइल नंबर, सही. ज्याला माणसे ओळखता येत नाहीत त्याने रकाने भरावेत, हे ओघानेच आले. चोराला रकाना भरायला काय अडचण आहे? तो तर सर्वांत सुवाच्य अक्षरात भरील.

या वहीमागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला चोरीहून अधिक गंभीर वाटते. संशय घेणे हे अप्रिय काम आहे. दारात आलेल्या माणसाला ‘तू कोण? कशाला आलास? पिशवी उघड’ असे विचारणे आपल्या संस्काराला रुचत नाही. आपण ते काम दुसऱ्याच्या अंगावर घातले आहे. वर आपण हसतमुखाने दार उघडतो, ‘या, बसा’ म्हणतो, कारण खाली आपल्या वतीने कुणीतरी आधीच अविश्वास दाखवून घेतलेला असतो. आपला सभ्यपणा त्याच्या उर्मटपणावर पोसला जातो. आणि हा संशय तरी सर्वांवर सारखा कुठे असतो? काळ्या काचांची मोटार आली की फाटक उघडते आणि सलाम होतो. धुणेभांडी करणाऱ्या बाईची पिशवी मात्र जाताना तपासली जाते. ती बाई आणि हा पहारेकरी बहुधा एकाच वस्तीत, एकाच नळावर पाणी भरणारी माणसे असतात. आपल्याच शेजारणीवर वहीम घेण्याचा पगार आपण त्याला देतो.

माणूस झोपत नाही एवढ्यावर भागत नाही, हे जगाच्या इतिहासानेही दाखवले आहे. अमेरिकेत १८५० च्या सुमारास शिकागोला ॲलन पिंकर्टनने खाजगी हेर आणि पहारेकरी पुरवणारी संस्था काढली. तिचे चिन्ह होते एक उघडा डोळा आणि खाली वाक्य होते, ‘आम्ही कधीच झोपत नाही’. हा जागा डोळा ६ जुलै १८९२ रोजी होमस्टेड येथे दिसला. तेथील पोलाद कारखान्याच्या मालकांनी संपावरच्या कामगारांविरुद्ध पिंकर्टनची सुमारे ३०० माणसे रात्री नदीतून पडावांवर आणली. दिवसभर गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. पुढे १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि १७ इराकी नागरिक प्राणाला मुकले. त्यांतल्या चार पहारेकऱ्यांना अमेरिकेच्या न्यायालयाने २०१४ साली दोषी ठरवले. २०२० च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. आपल्या फाटकावरच्या गरीब माणसाला या पंगतीला बसवण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या हातात काठीही धड नसते. पण जागरण आणि इमान यांची फारकत झाली, पहारेकरी फक्त बिल भरणाऱ्याचा उरला, की मामला कोणत्या टोकाला जाऊ शकतो, ते या दोन घटनांवरून ध्यानात येते. पोलीस चुकला तर निदान तो सर्वांचा नोकर आहे असे आपण ओरडून सांगू शकतो. खाजगी पहारेकरी सर्वांचा कधीच नव्हता.

मग ज्याचे बिल भरायला कुणी नाही त्याचे रक्षण कोण करतो? काही वर्षांपूर्वी वर्गात मी ‘जागणे’ हा शब्द वाक्यात उपयोगायला दिला होता. एका मुलाने लिहिले, ‘माझे वडील रात्री जागतात व दिवसा झोपतात, म्हणून आम्ही दिवसा घरात बोलत नाही.’ वाक्य शुद्ध होते, पूर्ण गुण दिले. हा माणूस बारा तास दुसऱ्याचे दार राखी. त्याच्या स्वतःच्या दाराला रात्री कडी घालायला बायको आणि दोन मुले. ज्या घरात दिवसा बोलायचे नाही, त्या घरातली मुले अभ्यास मोठ्याने वाचत नाहीत, भांडत नाहीत, गाणे म्हणत नाहीत. आपल्या निर्धास्त झोपेची किंमत त्या बिलात लिहिलेल्या रकमेहून थोडी जास्त आहे, आणि ती वरची रक्कम कोठे भरली जाते, ते मला त्या वाक्याने सांगितले.

कोणी म्हणेल, बाजारात वस्तू घेतो तशी सेवा घेतली. भाव ठरला, पैसे दिले, यात इमानाचा आणि मिठाचा प्रश्न कोठून आला? युक्तिवाद सरळ आहे, पण तो करणाराच तो पाळत नाही. रात्री दोन वाजता पहारेकऱ्याला डुलकी लागलेली दिसली की आपल्याला राग येतो तो ग्राहकाचा नसतो. वजनात कमी भरलेल्या साखरेवर आपण असे चिडत नाही. आपला विश्वासघात झाला असे आपल्याला वाटते. म्हणजे करार तासांचा केला तरी मनातून आपली अपेक्षा इमानाचीच असते. लिफ्टमध्ये मूल अडकले तर त्याने धावावे, आग लागली तर त्याने आधी पळू नये, आपल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला कुणी फसवून वर गेला तर त्याने संशयाने पाहावे. हे रकान्यात बसणारे काम नाही. हे त्याने आपल्या मनाने करायचे आहे.

आणि मीठ हा दोघांतला व्यवहार आहे. खाणाऱ्याने जागावे, तसे वाढणाऱ्यानेही वाढले पाहिजे. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी जो कायदा केला, त्याच्या नावातच ‘नोकरीचे नियमन व कल्याण’ असे शब्द आहेत. रक्षकांची नोंद करणारी, त्यांच्या वेतनाची आणि भविष्य निर्वाह निधीची काळजी वाहणारी मंडळे त्या कायद्याने आली. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या नावात मात्र संस्था आहेत, माणूस नाही. पहिल्या कायद्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. पण त्याने प्रश्न बरोबर विचारला होता. जो आपल्यासाठी जागतो त्याच्यासाठी कोण जागते?

नुकतीच कोजागिरी झाली. त्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागा आहे, असे विचारीत फिरते अशी आपली श्रद्धा आहे. गच्चीवर दूध आटवून आपण बारापर्यंत जागतो आणि देवीला आपण जागे दिसलो अशा समजुतीने झोपायला जातो. खाली फाटकाशी वर्षाच्या ३६५ रात्री जो जागा असतो, त्याच्याकडे लक्ष्मी फिरकल्याचे कुणी ऐकले नाही. देवीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला वाट दाखवणारे आपणच आहोत.

दिवाळीनंतर इमारतींच्या सभा भरतील, पहाऱ्याचे कंत्राट विषयपत्रिकेवर येईल, तीन कंपन्यांचे दर वाचले जातील आणि सर्वांत कमी दराला हात वर होतील. त्या वेळी एखाद्या सभासदाने उठून चार साधे प्रश्न विचारावेत. आपण देतो त्यातले त्याच्या हाती किती पडतात? त्याची पाळी किती तासांची, आणि त्याच्या जागी दुसरा वेळेवर येतो का? पावसात तो उभा कोठे राहतो, आणि लघवीला कोठे जातो? आणि त्याचे नाव काय? उत्तरे ठाऊक नसतील तर कंत्राट पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावे. एक महिना उशीर झाल्याने इमारत लुटली जाणार नाही. तोवर फाटकावर तोच माणूस जागा असेल.