शेजारची रिकामी जागा



गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे टोकियोला तीन महिने राहून आलो. तो राहतो त्या निशी-कासाई भागात आपली भारतीय मंडळी पुष्कळ. तिथून तोझाई नावाची मेट्रो शहरात जाते. मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा होता, म्हणून एका सकाळी मुलाबरोबरच निघालो. त्याचं ऑफिस ओतेमाचीला आणि आपली वकिलात दोन स्टेशनं पुढे, कुदानशिताला.

गर्दीचं काय सांगू! तिथलं सरकार गर्दीसुद्धा टक्क्यांत मोजतं. २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागून दाब जाणवतो, पण एखादं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. कोरोनाआधी २०१९ साली या मार्गावर १९९ टक्के गर्दी नोंदलेली आहे. मी गेलो त्या दिवशी मोजलं नाही, पण हात वर करून चष्मा सारखा करता येईना! मुलगा आधीच म्हणाला होता, "बाबा, बॅग पाठीवर नको, पुढे पोटाशी घ्या. आणि डब्यात फोनवर बोलू नका." एवढी माणसं, पण आवाज नाही. एका वळणावर माझा तोल गेला, तर शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याने मला सावरलं. मनात आलं, इथे कोण आपला, कोण परका? सगळे एकच.

दुपारी काम आटोपून एकटाच परत निघालो. डबा बराच मोकळा होता, बसायला जागा मिळाली. हळूहळू बाकीच्या जागा भरल्या, पण माझ्या शेजारची रिकामीच. दोघंतिघं दाराशी उभे होते, त्यांनी पाहिलंसुद्धा, पण बसलं कुणी नाही. निशी-कासाई येईपर्यंत ती जागा तशीच. मी जिवंत असल्याचा दाखला खिशात, आणि शेजारी बसायला कुणी तयार नाही!

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, इथले बरेच परदेशी असंच सांगतात. मनाला लावून घेऊ नका. कुणाला संकोच वाटतो, कुणाला वाटतं हा इंग्रजीत काही विचारेल." असेलही. कुणी मला वाईट बोललं नव्हतं, ढकललं नव्हतं. तरी लागलं खरं.

त्या रात्री झोप येईना, कारण दुसरीच एक गाडी आठवली. बेळगाव-मिरज पॅसेंजर, बऱ्याच वर्षांपूर्वीची. एक मजूर बाई कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन चढली. माझ्या शेजारी जागा होती, तिच्यावर माझी बॅग होती. तिने कन्नडमधून विचारलं, इथे कुणी आहे का? मला कन्नड चांगलं समजतं, जन्म बेळगावात गेलाय. पण मी न कळल्यासारखं करून खिडकीबाहेर बघत राहिलो. ती दाराजवळ खाली बसली. मीही तिला वाईट काही बोललो नव्हतो!

टोकियोतल्या लोकांच्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही. माझ्या मनात काय होतं, ते मात्र पक्कं माहीत आहे. मग दोष कुणाचा मोठा?

सकाळच्या गर्दीत मला जी समता वाटली, ती गर्दीने करायला लावलेली होती. तिथे दुसरा इलाजच नव्हता. जागा मोकळी असते आणि निवड आपल्या हातात असते, तेव्हा आपण कुणाला जवळ बसू देतो, यातच आपली खरी ओळख. "मी काही वाईट केलं नाही" एवढ्याने आपण सुटत नाही. तोंड फिरवणं हीसुद्धा एक कृतीच आहे.

ती बाई आता भेटायची नाही, माफी मागायची सोय नाही. तेव्हापासून एवढंच करतो. गाडीत बसलो की कुणी विचारायच्या आधी बॅग मांडीवर घेतो.

आज रात्री जेवताना घरात हा विषय काढा. आपल्या शेजारची जागा आपण कुणासाठी अडवून ठेवली आहे? मुलांनाही बोलू द्या, ती खरं सांगतात.