सोपवलेला अधिकार

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, बिग रॅपिड्स या शहराला लागून, ग्रीन चार्टर टाऊनशिप नावाची तीन हजारांच्या आसपास वस्ती असलेली एक लहानशी स्थानिक संस्था आहे. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील मतदारांनी आपल्या कारभारी मंडळातील पाच जणांना, त्यात सुपरवायझर, क्लार्क व खजिनदार हे तिन्ही प्रमुख आले, मुदत पुरी होण्यापूर्वीच मतपेटीच्या द्वारे पदावरून दूर केले. गोशन या कंपनीचा, विद्युत् मोटारींच्या बॅटऱ्यांना लागणारे साहित्य निर्माण करणारा, सुमारे २३६ कोटी डॉलरांचा कारखाना गावच्या हद्दीत येऊ घातला होता आणि मंडळाने त्याला पाठिंबा दिला होता. कंपनीच्या मूळ संस्थेचे ठाणे चीनमधील हफेई येथे. जवळून वाहणारी मस्कीगॉन नदी. आणि बोलणी पुष्कळ पुढे जाईपर्यंत आपल्याला काही कळू दिले नाही ही लोकांची तक्रार: या तिन्हींचा मिळून जो क्षोभ झाला त्यात हे मंडळ गेले. अफरातफर शाबीत होऊन हे घडले नाही. त्यांनी एक निर्णय घेतला होता आणि तो लोकांना मान्य नव्हता, एवढ्यावरच ते गेले.

या घटनेतील पक्षोपपक्षांचे राजकारण मला फारसे आकर्षक वाटत नाही. जो प्रश्न मनात घर करून राहतो तो धर्मविचाराचा आहे. एकदा विधिपूर्वक दुसऱ्याच्या हाती सोपवलेला अधिकार, सोपवणाऱ्याने मुदतीपूर्वी काढून घेणे, हे न्याय्य कोणत्या आधारावर? दिलेले परत घेऊ नये हा संस्कार तर आपल्या अंगी इतका मुरलेला आहे, की दत्तापहार हा शब्द कानी पडताच पापाचीच आठवण व्हावी. त्यातून महाराष्ट्रात गावच्या अधिकाराची कल्पना शतकानुशतके वतनाची. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वतनी पद रद्द होईपर्यंत पाटीलकी ही बापाकडून मुलाकडे जाणारी, वाटणी होणारी, प्रसंगी गहाण पडणारी मिळकतच होती. गावाने पाटलाला माघारी बोलवावे ही गोष्ट त्या व्यवस्थेत मुळी संभवतच नव्हती. मिशिगनमधील मतदार या वतनकल्पनेच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे पाहताना आपलीच भूमी अधिक स्पष्ट दिसते.

तेथील रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ज्याला एखाद्या कारभाऱ्याला माघारी बोलवावयाचे आहे, त्याने प्रथम आपले कारण एका अर्जावर लिहून काढावे लागते. ते कारण काउंटीचे निवडणूक आयुक्त, म्हणजे प्रोबेट न्यायाधीश, काउंटी क्लार्क व काउंटी खजिनदार ही तीन माणसे, उघड्या बैठकीत वाचतात. मजकूर सुस्पष्ट आणि वस्तुस्थितीवर बेतलेला आहे की नाही एवढेच त्यांनी पाहावयाचे. ते कारण पदच्युतीला पुरेसे आहे काय, हे पाहण्याचा अखत्यार त्यांना नाही. इतकेच नव्हे, तो न्यायालयालाही नाही. कारण १९६३ च्या मिशिगन राज्यघटनेने साफ लिहून ठेवले आहे, की कारणाचा पुरेसेपणा हा राजकीय प्रश्न आहे, न्यायिक नव्हे. बैठकीतून मंजूर झालेला अर्ज मग दारोदार फिरतो, गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत त्या हद्दीत पडलेल्या मतांच्या एक-चतुर्थांशाइतक्या सह्या जमल्या की निवडणूक लागते, आणि २०१२ पासून तीत ज्याला हटवावयाचे त्याचे नाव व त्याला आव्हान देणाऱ्याचे नाव एकाच मतपत्रिकेवर छापले जाते. कारण लिहिणे सक्तीचे, पण ते पटवून देणे मात्र केवळ शेजाऱ्यांना: या योजनेत जितका विचार आहे तितका तिच्या टीकाकारांना सहसा दिसत नाही.

याउलट वॉशिंग्टन राज्यात कारभाऱ्याच्या हातून गैरवर्तन किंवा शपथभंग झाला असे आरोप प्रथम न्यायालयासमोर मांडावे लागतात, आणि ते खरे धरल्यास पुरेसे ठरतात की नाही हे तेथे न्यायाधीश पाहतो. एकाच राष्ट्रातील दोन राज्यांचे हे दोन मार्ग मला आपल्या व्यवहारशास्त्रातील दोन निरनिराळ्या पदांत चपखल बसलेले दिसतात.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विवादाची अठरा पदे सांगितली आहेत. ज्या ग्रंथाचे १९२७ साली महाडला दहन झाले, त्याचा आधार घेताना संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. त्या अध्यायातही वर्णविषमता ठायी ठायी आहे. पण विवादांची ही मांडणी नारदस्मृतीतही थोड्याफार फरकाने आढळते, आणि व्यवहाराचे विच्छेदन म्हणून ती आजही कामाला येते. त्या अठरांत निक्षेप म्हणजे ठेव हे एक पद आहे, आणि दत्तस्यानपकर्म, म्हणजे दिलेल्या वस्तूसंबंधीचा वाद, हे दुसरे. ठेव जशी ठेवली तशी ती ठेवणाऱ्याला मागताक्षणी परत मिळावी. ‘का मागतोस’ असे विचारण्याचा हक्क ठेव सांभाळणाऱ्याला नाही. दानाची गोष्ट वेगळी. ते सहसा फिरवता येत नाही. पण धर्मकार्यासाठी म्हणून कोणी याचना केली, त्याला द्रव्य दिले, आणि पुढे त्याने ते त्या कार्याला लावले नाही, तर ते दान राहत नाही, परत घेता येते. वॉशिंग्टनचा कायदा या दुसऱ्या पदावर उभा आहे: उमेदवाराने येऊन मागितले, एका हेतूने त्याला दिले, तो हेतू त्याने मोडला हे दाखवा आणि मग परत घ्या. मिशिगनने अधिकाराला ठेव मानले. माझा कौल मिशिगनच्या बाजूने आहे, कारण दान मिळालेला मनुष्य त्या वस्तूचा धनी होतो, आणि अधिकाराचा धनी कारभारी होतो असे एकदा मान्य केले की वतन मागच्या दाराने पुन्हा घरात येते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ठेव सांभाळणारा काही करीत नाही, फक्त सांभाळतो. कारभाऱ्याला मात्र रोज निर्णय घ्यावे लागतात, आणि रोज परत मागितली जाणारी ठेव घेऊन कोणी दूरचा विचार करू शकणार नाही. एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना हेच सांगितले होते, की प्रतिनिधीने तुम्हांला आपली विवेकबुद्धी द्यावयाची आहे, केवळ आज्ञापालन नव्हे. आणि १७८० साली ब्रिस्टलची नाराजी ओळखून त्याला तेथील रिंगणातून बाहेर पडावे लागले, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. मिशिगनच्या कायद्याने या आक्षेपाला दिलेले उत्तर मुदतीच्या रूपात आहे: चार वर्षांच्या पदावर पहिल्या वर्षी व शेवटल्या वर्षी माघारी बोलावण्याचा अर्ज चालत नाही. येथे मनूचे आणखी एक पद आठवते, क्रयविक्रयानुशयाचे. खरेदी किंवा विक्री करून पस्तावलेल्या मनुष्याला दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरवता येतो, त्यानंतर नाही. मिशिगनचा पश्चात्ताप नेमका उलटा: आरंभी बंद, मध्ये मोकळा. कारण उघड आहे. मालातील खोट दहा दिवसांत दिसते, माणसातली दिसायला वर्ष लागते. आपल्याकडेही २०१७ साली सरपंच थेट लोकांतून निवडला जाऊ लागला तेव्हा अविश्वास ठरावाला सुरुवातीची दोन वर्षे मनाई करण्यात आली, तीन-चतुर्थांश सदस्यांच्या ठरावावर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब आवश्यक ठरले, आणि ज्या गावाने निवडले त्याच गावाला अखेरचा शब्द मिळाला. पण आरंभ सदस्यांनीच करावयाचा, साध्या गावकऱ्याला अर्ज घेऊन दारोदार फिरण्याची सोय तेथे नाही.

मग ज्याला दूर केले तो दोषी ठरतो काय? अथेन्सकरांना हा भेद नीट कळला होता. खापरावर नाव लिहून ज्याला ते दहा वर्षे नगराबाहेर पाठवीत, त्याच्यावर आरोप नसे, त्याची मिळकत जप्त होत नसे, नागरिकत्वही जात नसे. एका अनोळखी, निरक्षर मतदाराच्या विनंतीवरून ॲरिस्टायडीजने खापरावर स्वतःचेच नाव लिहून दिले, ही प्लुटार्कने सांगितलेली कथा प्रसिद्धच आहे. ‘न्यायी’ हे त्याचे बिरुद सारखे ऐकून कंटाळलो, एवढेच त्या मतदाराचे कारण होते. अधिकार काढून घेणे आणि अब्रू काढून घेणे या दोन क्रिया भिन्न आहेत, आणि लहान गावात, जेथे माजी क्लार्क व तिच्याविरुद्ध सही करणारा शेजारी एकाच दुकानात समोरासमोर येतात, तेथे हा भेद विसरणे फार महागात पडते. तो विसरला जातो, हे मात्र खरे.

तरीही सहीवाल्यांच्या रागात एक शुद्ध धर्मबुद्धी होती असे मला वाटते, आणि ती स्वामिपालविवाद, म्हणजे गुरांचा धनी व गुराखी यांच्यातील वाद, या पदाने उलगडते. गुरे चोरांनी बळजबरीने नेली तर गुराख्यावर भरपाईची जबाबदारी नाही. पण त्याने ओरड केलेली असली पाहिजे, आणि योग्य स्थळी, योग्य वेळी धन्याला कळवलेले असले पाहिजे. स्मृतीला नुकसान क्षम्य आहे, मौन क्षम्य नाही. कारखाना चांगला की वाईट यावर ग्रीनमध्ये दोन मते होती. आम्हांला वेळेवर सांगितले नाही, ही तक्रार त्याहून निराळी, आणि बहुधा तीच अधिक खोल रुतली.

पण ठेवीचा सिद्धांत जेथे अपुरा पडतो ती जागा त्यानंतर आली. जुन्या मंडळाच्या काळात, २०२३ च्या उन्हाळ्यात, गावाच्या नावाने कंपनीशी विकासकरार झालेला होता. नवे मंडळ येताच त्याने पूर्वीचा पाठिंबा व पाणीपुरवठ्याची तरतूद मागे घेतली. तेव्हा कंपनीने २०२४ साली फेडरल न्यायालयात फिर्याद लावली आणि न्यायालयाने गावाने करार पाळावा असा अंतरिम हुकूम दिला. संविद्व्यतिक्रम म्हणजे समुदायाने केलेल्या ठरावाचा भंग, हेही अठरांतील एक पद आहे, आणि ग्रीनमध्ये ते दोन्ही बाजूंना एकदमच लागू झाले: लोकांच्या दृष्टीने जुन्या मंडळाने गावाशी असलेला संकेत मोडला, आणि कंपनीच्या दृष्टीने गावाने आपला. ठेव परत घेता येते. तिच्या जोरावर सांभाळणाऱ्याने तिऱ्हाइताला दिलेला शब्द तिच्याबरोबर परत येत नाही. २०२५ मध्ये तो कारखान्याचा बेतच बारगळला, तेव्हा एका अर्थी प्रश्न मिटला. पण नव्या सदस्यांना निवडून आल्याच्या दिवशी त्याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांच्या वाट्याला जुन्या मंडळाची उरलेली मुदत आली होती, जेमतेम एक वर्षाची. आणि त्या मुदतीबरोबर, ज्यांना हटवण्यासाठी एवढी धडपड केली त्यांच्याच काळातील तो करारही.