परदापोशी आणि तपासणी

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीला आणि दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुडकण्याला मनाई आहे. तिचाच आधार घेऊन काही जण विचारतात, ‘अल्लाहने जे झाकले, ते एचआयव्हीची तपासणी करून उघडे कशाला पाडायचे?’ या प्रश्नामागे भीती आहे आणि भीतीला धर्माचा आडोसा लवकर सापडतो.

पण तपासणी गुनाह शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत का, एवढेच साधी चाचणी पाहते. विषाणू कोणत्या वाटेने आला, हे तिला कळत नाही. इस्पितळात सुई टोचलेली नर्स, नवऱ्याशी एकनिष्ठ असलेली बायको आणि पाय घसरलेला तरुण, तिघांचा अहवाल एकाच शब्दांत येतो. वेगवेगळे अर्थ लावतो तो मोहल्ला.

या चाचणीला सबुरीही लागते. प्रतिपिंडे दिसू लागायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात. धोक्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला ‘निगेटिव्ह’ म्हणूनच खोटा दिलासा असतो. मध्ये नवा धोका झाला नसेल, तर तीन महिन्यांनंतरचा निकाल भरवशाचा. मात्र संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. शरमेत घालवलेले तीन दिवस पुन्हा मिळत नाहीत.

खरा नैतिक प्रश्न मधल्या तीन महिन्यांचा आहे. माणसाला स्वतःविषयी फक्त शंका असते. शंकेवरून दुसऱ्याला दोषी धरणे गैर. पण स्वतःवरच्या शंकेकडे डोळेझाक करणे ही परदापोशी नव्हे. त्या काळात निरोध वापरणे आणि रक्तदान न करणे हे कर्तव्यच. झालेली चूक माणूस आणि अल्लाह यांच्यातली राहू शकते. बायकोच्या शरीरावरचा धोका तसा राहू शकत नाही. तिचा जीव तिची अमानत आहे. तिला न विचारता तो पणाला लावण्याचा हक्क निकाहने दिलेला नाही.

कायद्यालाही हा तोल साधायला वेळ लागला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधिताचा लग्नाचा हक्कच स्थगित मानला. २००२ मध्ये ती टिप्पणी अनावश्यक होती, असे त्याच न्यायालयाने म्हटले. २०१७ च्या कायद्याने संमतीविना चाचणीला आणि गुपित फोडण्याला सर्वसाधारणपणे बंदी केली, तसेच इतरांना संसर्ग होऊ नये म्हणून खबरदारी घेण्याची जबाबदारी बाधितावर टाकली. मारहाणीची भीती असलेल्या स्त्रीला त्यातून सूट आहे. मार कोणाला पडतो, हे कायद्याने ओळखले.

सरकारी केंद्रात चाचणी मोफत होते, समुपदेशन मिळते. एकाच चाचणीवरून कोणाला बाधित ठरवत नाहीत. नियमित औषधांनी विषाणू इतका दबतो की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. ‘कळून काय उपयोग?’ या सवालात म्हणूनच दम उरलेला नाही.

तपासणीला जाणाऱ्याचे नाव झाकणे, ही समाजाची परदापोशी. स्वतःचे सत्य स्वतःपासून न झाकणे, ही त्या माणसाची. पहिली आपण पाळली, तर दुसरी त्याला जड जाणार नाही.